पहिली अंडी रक्ताविना: घोडमाशीचं अंडचक्र

खाजणवेडी

बोस्टनच्या उत्तरेला इप्सविच, एसेक्स, न्यूबरी ह्या गावांना लागून खाऱ्या पाण्याची मोठी गवताळ दलदल आहे. भरतीला पाणी गवतात शिरतं, ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो. आपल्याकडच्या खाजणासारखीच जमीन, फक्त खारफुटीच्या जागी स्पार्टिना गवत. जुलै लागला की ह्या दलदलीतून ग्रीनहेड नावाच्या घोडमाश्या निघतात. शास्त्रीय नाव टॅबॅनस नायग्रोव्हिटॅटस. डोळे हिरवेगार आणि चावा असा की धडधाकट माणूससुद्धा किनारा सोडून गाडीत जाऊन बसतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हा जाच चालतो.

दलदलीच्या कडेला चार पायांवर उभ्या केलेल्या काळ्या लाकडी पेट्या दिसतात. ते ह्या माश्यांचे सापळे. गवताच्या वर उठून दिसणारी, उन्हाने तापलेली काळी वस्तू म्हणजे जनावर, असं माशी धरून चालते. पोटाखाली शिरावं तशी ती पेटीच्या उघड्या तळातून आत जाते, उजेडाच्या दिशेने वर चढते आणि जाळीत अडकते. एकेका पेटीत हजारोंनी सापडतात. तरी पुढच्या जुलैत माश्या आहेतच. इथे राहणारी मराठी मंडळी मला दर उन्हाळ्यात विचारतात, इतक्या मारूनही ह्या संपत का नाहीत?

उत्तर माशीच्या अंडाशयात आहे. कीटकशास्त्र शिकताना चावणाऱ्या माश्यांची अंडाशयं उघडून बघणं हे माझं बराच काळ काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घोडमाश्यांच्या जगात चार हजारांहून जास्त जाती आहेत. चावते ती फक्त मादी. नराला कातडी कापणारे जबडेच नसतात, तो फुलांतल्या मधावर जगतो. मादीसुद्धा उडण्यासाठी लागणारी ताकद साखरेतूनच घेते, फुलांच्या मधातून किंवा मावा किडीच्या चिकट स्रावातून. रक्त तिला स्वतःचं पोट भरायला लागत नाही, अंड्यांसाठी लागतं. अंड्यात बलक भरायचा तर प्रथिनं हवीत आणि मधात प्रथिनं नसल्यातच जमा.

बहुतेक जातींत क्रम असा: मादी कोषातून बाहेर येते, नराशी मिलन होतं, मग ती जनावर शोधते आणि रक्त पिते. रक्त पचत जातं तसतशी अंडी वाढतात, पुरी झाली की ती घालते आणि पुन्हा रक्ताच्या शोधात निघते. रक्त ते अंडी, अंडी ते पुन्हा रक्त, ह्या फेऱ्याला गोनोट्रॉफिक चक्र म्हणतात. गरम हवेत एक फेरा काही दिवसांत पुरा होतो, थंडावा आला की लांबतो. मिलन मात्र दर फेऱ्याला लागत नाही. नराचे शुक्राणू मादी शुक्रकोशात साठवून ठेवते आणि पुढच्या खेपांना तेच वापरते.

ग्रीनहेडचं वेगळेपण इथे आहे. तिची अंड्यांची पहिली खेप रक्ताशिवाय तयार होते. कोषातून निघालेली मादी दलदलीतच राहते, तिथेच मिलन होतं, आणि रक्ताचा थेंबही न घेता ती गवताच्या पात्यावर शंभर ते दोनशे अंडी घालते. त्यानंतर ती उडत दलदलीच्या कडेला, माणसांच्या आणि जनावरांच्या वस्तीकडे येते, कारण दुसऱ्या खेपेला मात्र रक्त हवंच. रक्ताविना अंडी पिकवण्याच्या ह्या क्षमतेला ऑटोजेनी म्हणतात.

म्हणजे काळ्या पेटीत सापडलेली जवळजवळ प्रत्येक मादी एक खेप घालून आलेली असते. पुढची पिढी चिखलात पोचती झाली, मग पेटीने तिला पकडलं. सापळे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. दुसरी-तिसरी खेप त्यांनी टळते आणि आसपासचे चावे खरोखर कमी होतात. पण पेट्या लावून दलदलीतली माशी संपेल, ही अपेक्षा तिच्या अंडचक्राशी जुळत नाही.

रानवाट

मस्त धागा. एक विचारू? पहिल्या खेपेला रक्त नाही, तर मग ती प्रथिनं येतात कुठून? हवेतून तर नाही ना.

खाजणवेडी

रानवाट, अळीपासून. ही अळी चिखलात राहते आणि शिकारी असते. इतर कीटकांच्या अळ्या, कृमी, लहान गोगलगायी, मिळेल ते खाते, आपल्याच भाऊबंदांनाही सोडत नाही. ह्या चिखलात ती एक हिवाळा, कधी दोन हिवाळे काढते. एवढ्या काळात जमवलेली प्रथिनं आणि चरबी शरीरातल्या मेदपिंडात साठते, कोषातून पार होते आणि प्रौढ मादीला आयती मिळते. पहिली खेप त्या पुंजीवर निघते. अळीला खायला कमी मिळालं तर मादी लहान निपजते आणि पहिल्या खेपेची अंडीही कमी भरतात.

दलदलीत शिकार भरपूर असते, पण दुभती जनावरं किंवा हरणं दारात उभी नसतात. अशा जागी पहिल्या खेपेसाठी रक्तावर अवलंबून न राहणं माशीच्या फायद्याचं ठरलं असावं. सगळ्याच घोडमाश्यांना हे जमत नाही. एकाच दलदलीत राहणाऱ्या क्रायसॉप्स वंशाच्या माश्यांमध्येसुद्धा काही जाती पहिली खेप रक्ताविना घालतात, काहींना पहिल्यापासून रक्त लागतं.

बोस्टनकर_संजय

क्रेन बीचवर जुलैत एकदा गेलो होतो, पुन्हा त्या महिन्यात जायचं नाव काढलं नाही. आता कळलं की चावणारी प्रत्येक बाई आधीच आई झालेली होती! औषध का फवारत नाहीत पण?

खाजणवेडी

संजय, अळी चिखलात असते, फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. पोचेल असं औषध मारलं तर खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी सगळेच त्यात सापडतात. प्रौढ माश्या आठवडेच्या आठवडे रोज नव्याने निघत असतात, त्यामुळे एकदा वरून फवारून दोन दिवसांपलीकडे फरक राहत नाही. पेट्या लावणं हे खरोखर शहाणपणाचं आहे. फक्त त्या दलदलीच्या मधोमध नकोत, दलदल आणि कोरडी जमीन मिळते त्या कडेला हव्यात. पहिली खेप घालून निघालेल्या माद्या त्याच वाटेने येतात.

सूक्ष्मदर्शी

मी एमएस्सी प्राणिशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे. पकडलेल्या माशीने आधी अंडी घातलीत हे ओळखतात कसं? आम्हाला डासांचं थोडंफार शिकवलंय, घोडमाशीचं काहीच नाही.

खाजणवेडी

सूक्ष्मदर्शी, पद्धत डासांवरूनच आली आहे, त्यामुळे तुला सोपी जाईल.

ताजी मारलेली मादी काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात उताणी ठेवायची. एका चिमट्याने छाती धरायची, दुसऱ्याने पोटाचे शेवटचे दोन वलय पकडून अगदी हळू ओढायचं. घाई केली की आतडं तुटतं आणि रक्ताच्या काळ्या गाळात सगळं बुडून जातं. नीट ओढलं तर दोन्ही अंडाशयं अखंड बाहेर येतात. प्रत्येक अंडाशय म्हणजे बारीक अंडनलिकांचा झुबका. प्रत्येक नलिकेत एकामागे एक पुटिका, म्हणजे अंडं वाढतं त्या इवल्या पिशव्या, ओवलेल्या असतात, बाहेरच्या टोकाची सगळ्यांत पुढे वाढलेली. ह्या खेपेला तीच अंडं होणार, मागची आपली पाळी येईपर्यंत थांबते.

पहिल्यांदा श्वासनलिका बघायच्या. अंडाशयावर हवेच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. कधीच अंडी न पिकवलेल्या मादीत ह्या नळ्यांची टोकं घट्ट वेटोळी करून बसलेली दिसतात. अंडी एकदा मोठी झाली की अंडाशय फुगतं, वेटोळी ताणून सरळ होतात आणि नंतर पुन्हा कधीच गुंडाळली जात नाहीत. अंडाशय सलाइनऐवजी साध्या पाण्याच्या थेंबात वाळवलं तर नळ्यांत हवा राहते आणि त्या काळ्या रेषांसारख्या उठून दिसतात. वेटोळी असतील तर कोरी मादी, सरळ असतील तर एकदा तरी अंडी पिकवलेली.

दुसरी खूण जास्त बारकाईची. अंडं नलिकेतून बाहेर पडलं की पुटिकेच्या आवरणाचा उरलेला भाग आक्रसून नलिकेच्या बुडाशी पिवळसर ठिपका होऊन राहतो. एकदा घातली असतील तर एक ठिपका. पोलोवोदोव्हा ह्या सोव्हिएत संशोधिकेने १९४९ मध्ये डासांच्या अंडनलिकेतल्या अशा खुणा मोजून मादीने किती खेपा घातल्या हे सांगता येतं असं दाखवलं. श्वासनलिकांची पद्धत देतिनोव्हांची, आणि त्यांनीच १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी ह्या सगळ्या पद्धतींवर ग्रंथ लिहिला. तुझ्या विभागाच्या ग्रंथालयात तो असण्याची शक्यता बरीच आहे. घोडमाशीत ठिपके मोजताना दोनच्या पुढे माझा भरवसा कमी होतो, कारण ते एकमेकांत मिसळतात. ‘घातली’ की ‘नाही घातली’ एवढं मात्र खात्रीने सांगता येतं.

पुटिका किती वाढली आहे ह्याचे टप्पे क्रिस्टोफर्स यांनी १९११ मध्ये भारतात काम करत असताना ॲनॉफेलिस डासांवर ठरवले, एक ते पाच. पहिल्या टप्प्यात अंडपेशी आणि तिच्या पोषक पेशी सारख्याच दिसतात. दुसऱ्यात अंडपेशीभोवती बलकाचे बारीक कण जमू लागतात आणि वाढ तिथे येऊन थांबते. रक्त मिळालं की तिसरा टप्पा, बलक भराभर भरतो. पाचव्यात अंडं कवचासह तयार. घोडमाशीलाही हेच टप्पे लावतात. कनेटिकटच्या कृषी संशोधन केंद्रातले लुई मॅग्नारेली आणि त्यांचे सहकारी यांनी तिथल्या दलदलीतल्या माश्यांवर असं पुष्कळ काम केलं आहे.

सूक्ष्मदर्शी

ताई, खूप आभार. वाढ दुसऱ्या टप्प्यात थांबते म्हणालात, रक्त मिळालंय हे अंडाशयाला कळतं कसं? संप्रेरकांमुळे?

खाजणवेडी

होय. ह्याची साखळी डासांत नीट उलगडलेली आहे. कोषातून निघाल्यावर ज्युव्हेनाइल हॉर्मोन पुटिकांना थांब्यापर्यंत आणतं. रक्त पोटात गेलं की मेंदूकडून एक संप्रेरक सुटतं, ते अंडाशयाला एक्डायसोन बनवायला लावतं. एक्डायसोन मेदपिंडात जाऊन त्याच्या सक्रिय रूपात बदलतं आणि मेदपिंड व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन तयार करू लागतं. हे प्रथिन कीटकाच्या रक्तातून अंडपेशीत शिरतं आणि बलक होतं. रक्ताविना पिकणाऱ्या खेपेत ह्या साखळीची कळ अळीपणी साठवलेल्या पुंजीवरच दाबली जाते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, पुढे तिचा संबंध येणार आहे. रक्त अपुरं मिळालं तर सगळ्या पुटिका वाढत नाहीत. काही मध्येच जिरवल्या जातात आणि त्यातली प्रथिनं बाकीच्यांना मिळतात. किंवा मादी पोट भरेपर्यंत पुन्हापुन्हा चावत राहते.

डॉ_गोठा

तो संबंध मी जोडतो, कारण माझं रोजचं काम तेच आहे. मी विदर्भात पशुवैद्यक आहे.

घोडमाशी डासासारखी सुई खुपसून रक्त ओढत नाही. ती कातरीसारख्या जबड्यांनी कातडी फाडते आणि वर जमलेलं रक्त टिपून घेते. ह्याने जनावराला चांगलंच दुखतं. बैल शेपटी मारतो, कातडी थरथरवतो, पाय आपटतो. माशी अर्धवट प्यालेली उठते. पण अंड्यांची भूक भागलेली नसते, त्यामुळे ती लांब जात नाही, शेजारच्या जनावरावर बसते. तोंडाला पहिल्याचं रक्त तसंच लागलेलं असतं.

सर्रा हा जनावरांचा रोग असाच पसरतो. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा रक्तातला परजीवी. १८८० मध्ये डेरा इस्माइल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात ग्रिफिथ इव्हान्स यांना तो दिसला, सध्या ते ठिकाण पाकिस्तानात आहे. माशीच्या शरीरात हा परजीवी वाढत नाही. तोंडावरच्या ओल्या रक्तात थोडा वेळ जिवंत राहतो, बस्स. एका जनावरावरून उठून काही मिनिटांत दुसऱ्यावर बसली तर धोका सगळ्यांत जास्त, वेळ गेला की झपाट्याने कमी.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आमच्याकडे रुग्ण वाढतात. जनावराला थांबून थांबून ताप येतो, खाणं सुटतं, गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, डोळ्यांवर सारा येतो. औषध आहे, वेळेत दिलं तर जनावर वाचतं. पण रक्ताची काच, म्हणजे काचपट्टीवर घेतलेला रक्ताचा नमुना, तपासल्याशिवाय अंदाजाने टोचू नका. बबेसिया, थायलेरिया ह्या रक्तातल्या दुसऱ्या परजीवींतही ताप आणि अशक्तपणा असतो, औषध मात्र वेगळं.

पार्लेकर_मीनल

डॉक्टर, माणसाला होतो का सर्रा?

डॉ_गोठा

मीनलताई, सहसा नाही. आपल्या रक्तात ॲपोलायपोप्रोटीन एल-१ नावाचं प्रथिन असतं, ते ह्या परजीवीला मारतं. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. माणसात तो निःसंशय सिद्ध झाल्याची गाजलेली नोंद हीच. नंतर कळलं की जनुकांमधल्या दोषामुळे त्याच्या रक्तात ते रक्षक प्रथिन नव्हतंच. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. गावातल्या अठराशेहून जास्त लोकांची तपासणी झाली, दुसऱ्या कुणाच्या रक्तात परजीवी दिसला नाही. त्याला लागण माशीमुळे झाली की जखमेला जनावराचं रक्त लागून, हे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे माशी चावली म्हणून कुणी घाबरून जाऊ नये.

खाजणवेडी

डॉक्टरांनी नेमकं मांडलं. ह्यात अंडचक्राच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. सर्रा पसरवायला माशी म्हातारी असावी लागत नाही. आज कोषातून निघालेली, आयुष्यात पहिल्यांदा रक्त पिणारी मादीसुद्धा दहा मिनिटांत तो पसरवू शकते.

आफ्रिकेतल्या लोआ लोआचं ह्याच्या अगदी उलट. कॅमेरून, गॅबॉन, काँगोच्या पावसाळी जंगलांत क्रायसॉप्स सिलेशिया आणि क्रायसॉप्स डिमिडिएटा ह्या माश्या माणसांत हा कृमी पसरवतात. कधीकधी तो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसतो. इथे कृमीची अळी माशीच्या शरीरात शिरून दहा-बारा दिवस वाढते, मगच दुसऱ्या माणसात जाण्याजोगी होते. एवढ्या काळात माशीचे दोन अंडफेरे होऊन जातात. म्हणजे रोगी माणसाचं रक्त प्यायची, अंडी घालायची, पुन्हा प्यायची, पुन्हा घालायची, आणि त्यानंतरच्या चाव्यात कृमी द्यायचा. कोरी मादी कितीही चावली तरी तिच्याकडून लोआ होत नाही. म्हणून तिथले संशोधक पकडलेल्या माश्यांची अंडाशयं उघडून त्यात अंडी घातलेल्या किती हे मोजतात. धोका किती, हे माश्यांच्या एकूण संख्येपेक्षा ह्या आकड्यावरून जास्त कळतं. सूक्ष्मदर्शी, पिवळे ठिपके मोजण्याचा खरा उपयोग हा.

बांधकरी

राधानगरीकडचा आहे मी. सगळं वाचलं, आता आमचं सांगा. पावसाळ्यात दुपारी म्हशी चरायला सोडल्या की गोमाश्या अंगावर नुसत्या तुटून पडतात. दूध निम्म्यावर येतं म्हटलं तरी चालेल. पशुधनवाले सांगतात शेण उचला, गोठा स्वच्छ ठेवा. रोज उचलतो. गोमाशी काय कमी होत नाही.

डॉ_गोठा

बांधकरी दादा, शेण उचलण्याचा सल्ला चांगलाच आहे, पण तो दुसऱ्या माशीसाठी. गोठ्यात पायांना चावणारी, दिसायला घरमाशीसारखी जी असते, तिला स्टोमॉक्सिस म्हणतात. ती शेण आणि कुजलेल्या चाऱ्यात वाढते, गोठा स्वच्छ केला की कमी होते. तुम्ही म्हणताय ती मोठी गोमाशी म्हणजे इथली घोडमाशीच, ती ओढ्याच्या, तळ्याच्या, खाचराच्या चिखलात वाढते. गोठा आरशासारखा केला तरी तिला काही फरक पडत नाही.

तुमच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे ही माशी उन्हातली. अंधाऱ्या, सावलीच्या गोठ्यात सहसा शिरत नाही. ऊन तापलेलं असताना जनावरं आत बांधा, सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर सोडा. म्हशीला चिखलात लोळू द्या, चिखलाचा थर हेच तिचं चिलखत. शेजारच्या कळपात सर्राचा रुग्ण असेल तर दोन्ही कळप पाणवठ्यावर एकत्र नेऊ नका. माशी अर्धवट पिऊन उठली की सगळ्यांत जवळचं जनावर धरते, त्यामुळे मधे अंतर ठेवलं की बराच धोका टळतो.

रानवाट

आमच्याकडे कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करतात संध्याकाळी. चालते का?

डॉ_गोठा

संध्याकाळी डासांसाठी चालते. घोडमाशीची वेळ दुपारची, तेव्हा धुरीने थोडा वेळ फरक पडतो इतकंच. गोठा बंद करून धूर कोंडू नका, जनावरांची छाती खराब होते.

खाजणवेडी

धुराचा विषय निघाला म्हणून, कॅमेरूनच्या जंगलातली ती क्रायसॉप्स सिलेशिया लाकडाच्या धुराकडे उलट ओढली जाते. उंच झाडांच्या शेंड्यांवरून ती खाली चुलीपाशी येते. म्हणून एका जातीवरचा उपाय दुसरीला लावताना फार जपून.

ओंकार_पुणे

पण ताई, माशीला अंडी घालण्याआधीच पकडायचं तर काय? पेटीवाल्या सापळ्यात उशीर झालेला असतो हे पटलं. आधी पकडता येत नाही का?

खाजणवेडी

ओंकार, मला ह्या विषयात सगळ्यांत आवडणारा प्रश्न हाच.

रक्त शोधणारी मादी आणि पाणी शोधणारी मादी वेगळ्या गोष्टींकडे जातात. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश आडवा ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच आडव्या पातळीत हलतात. आपल्या डोळ्यांना तो फरक कळत नाही, घोडमाशीला कळतो. हंगेरीतले गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या गटाने हे प्रयोगांनी दाखवलं. पाणी प्यायला आणि अंडी घालायची जागा शोधायला ती ह्याच खुणेवर जाते. गडद, चकचकीत कातडीवरूनही प्रकाश असाच ध्रुवित होतो. त्यामुळे काळ्या-तपकिरी घोड्यांना माश्या जास्त धरतात आणि पांढऱ्यांना कमी. २०१६ मध्ये त्यांना ह्या कामासाठी इग नोबेल, म्हणजे हसू आणणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीचं पारितोषिक, मिळालं, पण प्रयोग अगदी काटेकोर आहेत.

तेव्हा जमिनीवर आडवा ठेवलेला काळा, तेलाने भरलेला उथळ ट्रे पाण्यासारखा भासतो. त्यावर माद्याही येतात, नरही येतात, रक्त न प्यालेल्याही येतात. पेटीच्या सापळ्यात नर जवळजवळ नसतातच, हा फरक ध्यानात घे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्चिन्स्की ह्या रशियन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं होतं की घोडमाश्या उडता उडता डबक्याच्या पाण्याला स्पर्श करून पितात. त्याने डबक्यांवर रॉकेलचा थर सोडला आणि माश्या ढिगाने मेल्या. आज तसं करणं सरळसरळ पाणी नासवणं आहे, बेडूक, चतुर, सगळंच मरेल. ट्रे मात्र बंदिस्त असतो. तोही जागोजागी लावायची गोष्ट नाही, मोजक्या जागी, पाण्याच्या कडेला, आणि पक्षी पडणार नाहीत अशी वरून मोठ्या भोकांची जाळी टाकून.

बांधकरी

ट्रेचं करून बघतो, इंजिनचं जुनं काळं तेल चालेल ना? आणि एक. ओढ्याच्या पाण्यावर वाकलेल्या गवताच्या पात्यावर काळपट, चकाकणारं काहीतरी चिकटलेलं बघितलंय मी, बोटाच्या पेराएवढं, कण रचून बसवल्यासारखे. ती हिचीच अंडी का?

खाजणवेडी

बांधकरी दादा, तुमचं वर्णन तर तंतोतंत जुळतंय. मादी डोकं खाली करून पात्यावर बसते आणि लांबट अंडी उभी, एकमेकांना खेटून, थरावर थर लावत जाते. वरून चिकट स्राव असतो, त्याने पाणी आणि ऊन दोन्ही सोसतं. ताजी अंडी पांढरी असतात, काही तासांतच तपकिरी आणि मग काळी पडतात. म्हणून पांढरा पुंजका दिसला तर आजचाच समजायचा. उन्हाळी उबेत आठवडाभराच्या आत अळ्या फुटून खाली पाण्यात किंवा चिखलात पडतात. पाण्यावर वाकलेलंच पान का, तर हे. अनवाणी चिखलात उतरलात तर अळी चावूही शकते, जपानातल्या भातखाचरांत अशा नोंदी आहेत.

जुनं इंजिन तेल नको. ते सांडलं तर खाचर नासतं आणि जनावराने तोंड घातलं तर विषबाधा होते. काळ्या ट्रेमध्ये साधं खाद्यतेल पुरेसं आहे, चकाकी आणि गडद तळ ह्यावर काम भागतं. आणि तो जनावरांच्या वाटेवर ठेवू नका.

पुंजके दिसले की लगेच खुडू नका, आधी जवळून बघा. टेलेनोमस नावाच्या अगदी बारीक, काळ्या गांधीलवर्गीय कीटकाची मादी घोडमाशीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि तिची पिल्लं आतूनच ते अंडं खाऊन टाकतात. पुंजक्यावर मुंगीहून लहान काळे कीटक फिरत असतील, किंवा अंड्यांना वरून गोल भोकं पडलेली असतील, तर तो पुंजका तसाच राहू द्या. त्यातून घोडमाश्या थोड्या निघतील आणि टेलेनोमस जास्त, तेही पुढच्या पुंजक्यांवर जातील. भोकं नाहीत, कीटक नाहीत, पांढरा किंवा नुकता तपकिरी झालेला पुंजका असेल, तर पातं तोडून कोरड्या, कडक उन्हाच्या जागी लांब टाका. अळीला चिखल मिळाला नाही की ती जगत नाही.

बांधकरी

समजलं ताई. भांगलणीला बाया ओढ्याकडंच्या खाचरात उतरतात, त्यांनाबी दाखवतो कसं ओळखायचं ते.

डॉ_गोठा

दादा, म्हशींपैकी कुणाला थांबून थांबून ताप दिसला तर रक्ताची काच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन तपासा, ताप चढलेला असतानाच रक्त घ्यायला सांगा. तेव्हा परजीवी काचेवर सापडण्याची शक्यता जास्त असते.

सूक्ष्मदर्शी

खाजणवेडी ताई, प्रकल्पासाठी विषय मिळाला. आमच्या कॉलेजमागच्या तळ्याजवळ ऑगस्ट ते ऑक्टोबर माश्या पकडून कोऱ्या किती, अंडी घातलेल्या किती हे बघायचं म्हणते. आपल्याकडच्या जातींत पहिली खेप रक्ताविना होते का हेही त्यातून कळेल ना?

खाजणवेडी

कळेल, पण नुसत्या जनावरावरच्या माश्या पकडून नाही. जनावरावर आलेल्यांत कोऱ्या माद्या भरपूर निघाल्या तर त्या जातीला पहिल्यापासून रक्त लागतं असं म्हणता येईल. जवळजवळ सगळ्याच अंडी घातलेल्या निघाल्या तर ऑटोजेनीचा संशय घ्यायचा. खात्री करायला मात्र कोषातून निघालेल्या माद्या नरांसोबत जाळीत ठेवून फक्त साखरपाणी द्यावं लागेल आणि काही दिवसांनी अंडाशयं उघडावी लागतील. म्हणजे चिखलातून अळ्या आणून वाढवणं आलं. प्रत्येक अळी वेगळ्या बाटलीत ठेव, एकत्र ठेवल्यास एकमेकींना खातात. खायला गांडुळांचे तुकडे चालतात. नर-मादी ओळखायला डोळे बघ: नराचे डोळे कपाळावर एकमेकांना चिकटलेले, मादीच्या डोळ्यांमध्ये पट्टी असते. जाती ओळखण्यासाठी नमुने टोचून ठेव आणि प्रत्येकाला जागा, तारीख, वेळ लिहिलेली चिठ्ठी लाव. वेळ विसरू नकोस, सकाळी आणि दुपारी पकडलेल्यांची आकडेवारी वेगळी येऊ शकते.